अहो, येताय ना?

९ नोव्हेंबर

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पाकिटावर तुझं शाळेतलं नाव घातलंय, आत मात्र ठकूच. पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या बाईला ठकू म्हणू नये, पण मला दुसरं सुचत नाही. फोन का केला नाही म्हणून विचारशील. फोनवर मला निम्मं ऐकू येतं, उरलेलं मी मनानं भरते आणि त्यावरून पुढं भांडणं होतात. पत्रात ती सोय नाही.

काल संध्याकाळी जावयांनी मांजर आणून पोचवलं. गुणी माणूस हो. सकाळपासून गाडीत ते रडगाणं ऐकत आले, तरी चहा घेतल्यावर स्वतःचा कप स्वतः विसळला. टोपलीचं झाकण उघडलं. बाईंनी एक पाय बाहेर टाकला, तुझ्या आतोबांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि तडक सोफ्याखाली. हा सोफा दातांच्या डॉक्टरांचा. त्यांचा कापडाचा रंग ठरेना म्हणून आमच्याकडं पडून आहे आणि खालचं काळं अस्तर आम्ही काढून ठेवलंय. त्यामुळं ती नुसती खाली नाही, थेट आत चढून बसली, स्प्रिंगांच्या वर. आतोबा म्हणाले, "आपला धंदा काय आणि पाहुणी कोण. सोफेवाल्याच्या घरी मांजर म्हणजे कापसाच्या वखारीत काडेपेटी."

टोपलीला तू चिठ्ठी लावली होतीस. 'मांजर. मादी. वय सात. दूध, मासे. चावत नाही.' अगं, ही पाहुणी आहे की पकडून आणलेली आरोपी? तुझा बाप, आमचा दादा, तिला काय म्हणायचा ते तरी लिहायचंस. मी मनी म्हटलं, माऊ म्हटलं, सोने म्हटलं, शेवटी वैतागून टवळे म्हटलं. ढिम्म.

दादा माझा सख्खा नाही, चुलत भाऊ. पण एकाच घरात वाढलो, एकाच पंख्याखाली झोपलो. तो गेल्याचं कळलं तेव्हा आम्हाला पोचता आलं नाही. मागाहून मांजराला कुणी नाही असं ऐकलं आणि तोंडातून निघून गेलं, आमच्याकडं द्या. आता निभवायचं. ती खाते काय, झोपते कुठं, कळव.

तुझी
आत्या


१४ नोव्हेंबर

ती. आत्या,
नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही तिला ठेवून घेतलंत हे उपकार मी विसरणार नाही. धाकट्याला दमा आहे, मांजराचा एक केस घरात आला तरी त्याची छाती भरते. नाहीतर तुमच्यावर हे ओझं टाकलं नसतं.

इथल्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नव्या घरात मांजराला सुरुवातीला सगळं घर देऊ नका, एक लहान खोली द्या. तिथंच पाणी, जेवण, आणि दूर कोपऱ्यात मातीचा ट्रे. लपायला एखादं खोकं. ओढून बाहेर काढू नका, तिची ती येऊ द्या. शेजारी बसून आपलं काम करत राहायचं. जुन्या घरातल्या वासाची एखादी वस्तू जवळ ठेवायची.

बाबांबद्दल विचारलंत. त्यांना तुम्ही ओळखताच. वजनमापं तपासण्यात हयात गेली. ते रस्त्यातून चालले की दुकानदार तराजू पुसायला लागायचे. त्यांनी मांजराचे लाड केले असतील असं वाटत नाही. ते तिला 'मांजर' म्हणत. रविवारी फोनवर मी विचारलं की उत्तर ठरलेलं, "मांजर ठीक आहे." जेवण वेळेवर, गॅलरीत, तिच्या ताटलीत. झोप गॅलरीतल्या पोत्यावर. पलंगावर तर नक्कीच नाही. माझ्या हातून चादरीची घडी विस्कटली तरी बोलणी बसायची.

सोबत त्यांची शाल पाठवते. स्वच्छ धुऊन, इस्त्री करून.

आपली
ठकू


२२ नोव्हेंबर

चि. ठकूस आशीर्वाद.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. मागच्या सामानाच्या खोलीतून काथ्याचे गठ्ठे हलवले, पोतं अंथरलं, खोकं ठेवलं. सोफ्यातून ती बाहेर आली ती रात्री, आम्ही झोपल्यावर, आणि सकाळी खोलीत सापडली. मी दार लोटून घेतलं. रोज दुपारी शिवणाचं मशिन तिथं नेऊन बसते. ओढत नाही, हाका मारत नाही. एवढं ऐकते डॉक्टरांचं.

पण खात नाही. दूध चाटल्यासारखं करते, मासा हुंगते आणि तोंड फिरवते. पोत्याकडं तिनं एकदा असं पाहिलं, जसं आपण चुकीच्या घरी आलेल्या ताटाकडं पाहतो. दिवसभर दाराकडं तोंड करून बसते. इथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी पोट, दात, कान सगळं तपासलं. म्हणाले, दुखणं काही नाही, पण वजन उतरतंय. मांजर फार दिवस असं अर्धपोटी राहिलं तर त्याचं काळीज धरत नाही. म्हणजे यकृत. मी घाबरले.

आता तुला बोलते, राग मानू नकोस. शाल धुतलीस कशाला? वासासाठी पाठवायची आणि साबणात बुडवायची. तिनं हुंगली आणि शिंकली. मोठी शहाणी.

आणि दुसरं. दादानं सात वर्षं हिला पोत्यावर झोपवलं हे मला पटत नाही. हिची नखं कापलेली होती, कान आतून स्वच्छ. कुणीतरी मांडीवर घेऊन बसल्याशिवाय मांजराचे कान स्वच्छ होत नाहीत. तुला माहीत नसेल, लहानपणी हा मुलगा मांजर घरात आलं की दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसायचा. भित्रा होता. मोठेपणी कडक झाला, पण आधी भित्राच. तेव्हा तो मांजराशी कसा वागत होता हे तुलाही माहीत नाही आणि मलाही.

एकदा त्या घरी जाऊन बघ. शेजारीपाजारी विचार. आणि जे पाठवशील ते न धुता.

आत्या


१ डिसेंबर

ती. आत्या,
नमस्कार.

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, पण राग नाही आला. मला खरंच माहीत नव्हतं. बाबा कसे असतील याचा मी अंदाज केला आणि माहिती म्हणून तुम्हाला लिहून पाठवला. रोज लोकांचे डोळे तपासते, "दिसतंय का, की अंदाजानं वाचताय?" असं दिवसातून पन्नास वेळा विचारते. असो.

काल बाबांच्या घरी गेले. चादरी, उशा, कपडे मी आधीच धुऊन देऊन टाकले होते. गॅलरीत पोतं होतं, पण त्यात कुंड्यांसाठी आणलेली माती. त्यावर कुणी झोपणं शक्य नव्हतं.

मग स्वयंपाकघरात गेले. टेबलाला दोन खुर्च्या आहेत, आईच्या वेळच्याच. आवराआवरीत मी त्या नुसत्या भिंतीला सारून ठेवल्या होत्या. काल एक टेबलाशी ओढून टेकले आणि माझे गुडघे टेबलाला आपटले. उठून पाहिलं तर गादीखाली एक लाकडी खोकं. खिळे ठोकून पक्कं बसवलेलं, कडा पॉलिश पेपरनं घासलेल्या. गादीवर केसांचा थर. खोक्यामुळं ती जागा बरोबर टेबलाच्या उंचीला येते. समोरच्या खुर्चीवर बाबा बसत. म्हणजे दोघं समोरासमोर.

मी दुसरी खुर्चीही ओढून समोर लावली.

गादी तशीच पिशवीत घालून पाठवते आहे. झटकलीसुद्धा नाही. समोरच्या दारात एक नर्सबाई राहतात. त्यांना बाबांची जास्त माहिती असेल, पण त्या ड्युटीवर होत्या. दाराखालून माझा नंबर सरकवून आले.

आपली
ठकू


५ डिसेंबर

ती. आत्या,
नमस्कार.

नर्सबाईंचा फोन आला आणि काल अर्धी रजा टाकून त्यांना भेटून आले. हे पत्र लगेच टाकते, उशीर नको.

बाई साधारण माझ्याच वयाच्या. बाबा गेल्यावर आम्ही पोचेपर्यंत मांजराला त्यांनीच दूध घातलं होतं. त्या गडबडीत मी त्यांच्याकडून किल्ली घेतली, आभार मानले आणि संपलं. काल त्यांनी बसवून घेतलं. मी सरळच विचारलं, "बाबा मांजराला काय हाक मारायचे?"

त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "तुम्हाला सांगू का, मी राहायला आले तेव्हा महिनाभर तुमच्या वडिलांबद्दल माझा भलताच समज झाला होता. रोज सकाळी मी ड्युटीवरून यायची, कुलूप काढत असायची आणि आतून आवाज यायचा, 'अहो, येताय ना? चहा झालाय.' कधी, 'अहो, बसा की जरा, पेपर वाचतो.' मला वाटलं, आहे कुणीतरी. पण बाईमाणूस कधी दिसेना. बाहेर चपलाही एकच जोड. म्हटलं, लपवतायत. मग एकदा दार उघडं होतं. बघते तर टेबलाशी मांजर बसलंय आणि हे तिला सांगतायत, 'बघा, आज पुन्हा पाच ग्रॅम कमी दिला त्या मासेवालीनं. उद्या बोलावं लागेल.'"

आत्या, ते तिला अहो-जाहो करत. 'अगं' नाही, 'तू' नाही. शेपटीवर पाय पडला तर "माफ करा." ती टेबलावर चढली तर "हे बरं दिसत नाही तुम्हाला." मासा काट्यावर तोलून द्यायचे आणि आकडा वाचून दाखवायचे. नर्सबाईंनी त्यांचा आवाज काढून दाखवला. हाक मारताना सुरुवात नेहमीची, पण शेवटचा शब्द खाली उतरायचा, अगदी हळू. 'येताय ना' मधला 'ना' जेमतेम ऐकू येणारा. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही, तरी ऐकताक्षणी कळलं की हा त्यांचाच.

आमच्या घरात अहो म्हणायची ती आई. दिवसभर चालायचं तिचं, अहो हे घ्या, अहो ऐकलंत का. आई गेली आणि तो शब्द घरात उच्चारणारं कुणी राहिलं नाही. मी बाबा म्हणायची, तेही रविवारी.

माझ्याशी फोनवर त्यांचे शब्द दोनच, 'ठीक' आणि 'बरं'. आणि मांजराला पेपर वाचून दाखवायचे. परतताना गाडीत मला हसू येत होतं आणि मध्येच मांजराचा हेवाही वाटत होता. या वयात.

तर तिला अहो म्हणून बघा. चहाचं नाव काढा. ती चहा पीत नसे, पण चहा झाला की तिचं दूध यायचं.

आपली
ठकू


८ डिसेंबर, रविवार

चि. ठकूस आशीर्वाद.

तुझी गादी मिळाली. चांगली आहे. मांजराच्या खोलीत ठेवली आहे. मांजर ठीक आहे.

इथं थंडी पडली आहे. आतोबांचा गुडघा दुखतो. डॉक्टरांचा सोफा काल एकदाचा गेला, त्यांना अचानक घाई झाली. तू तब्येतीला जप. धाकट्याला गरम पाणी देत जा.

आत्या


११ डिसेंबर

ती. आत्या,

तुमचं रविवारचं पत्र आत्ता मिळालं. माझ्या पाच तारखेच्या पत्राची आणि त्याची वाटेत चुकामूक झालेली दिसते.

पत्रात एकही टोमणा नाही. आतोबांचं एकही वाक्य नाही. 'मांजर ठीक आहे' असं लिहिलंय, आणि ते वाक्य मी कुठल्या घरात ऐकत मोठी झाले हे तुम्हाला ठाऊक आहे. काय झालंय? गेली असेल तरी सांगा. मी लहान नाही.

ठकू


१४ डिसेंबर

चि. ठके,

तुला पत्रात मीठ कमी लागलं तर. बरोबर लागलं. मी खोटं काही लिहिलं नव्हतं, फक्त खरं लिहिलं नव्हतं. आता बैजवार ऐक, आणि आधीच सांगते, ती आत्ता माझ्या मशिनच्या पायडलजवळ बसली आहे.

शनिवारी दुपारी डॉक्टरांनी न सांगता टेंपो पाठवला. सोमवारी सोफा हवाच म्हणे. आतोबांनी घाईघाईनं खालचं अस्तर ठोकलं, दोन पोरांनी उचलला, गेला. मी तुझी गादी घेऊन खोलीत गेले तर खोली रिकामी. दार किलकिलं. तुझ्या डॉक्टरांनी तिची ती बाहेर येऊ द्या म्हटलं होतं ना, आली होती ती बाहेर. आम्हाला वाटलं रस्त्यावर गेली. रविवारी दिवसभर गल्लीबोळ पालथे घातले. आतोबा दुखऱ्या गुडघ्यानं लोकांच्या गाड्यांखाली वाकून बघत होते. काडेपेटी म्हणणारे हेच. संध्याकाळी तुला काय लिहावं कळेना, म्हणून थंडीचं लिहिलं.

सोमवारी सकाळी दवाखान्यातून फोन. पहिलाच पेशंट सोफ्यावर बसला आणि ताडकन उठला. म्हणाला, यात काहीतरी जिवंत आहे. डॉक्टरांना वाटलं उंदीर. आतोबांनी फोन ठेवला आणि पिना उपटायची पक्कड उचलली. अस्तर त्यांनीच ठोकलं होतं, ती आत असताना.

आम्ही निघालो तेवढ्यात तुझं पत्र आलं. ते चालता चालता वाचलं. दोनदा खांबाला धडकता धडकता राहिले.

दवाखान्यात गाल सुजलेला एक मनुष्य, एक आई, तिची चिमुरडी, आणि तोंडावरची पट्टी हनुवटीवर घेतलेले डॉक्टर. सगळे सोफ्याभोवती उभे. आतोबा पालथे पडून पिना उपटत होते. अस्तर सुटलं, पण ती येईना. मासा दाखवला, नाही. ती चिमुरडी ये ये म्हणाली, नाही. डॉक्टर म्हणाले सोफा तिरपा करू. मी म्हटलं, खबरदार.

मग मी गुडघ्यावर बसले. ठके, इतक्या परक्या माणसांत मांजराला अहो म्हणायचं म्हणजे जीभ रेटत नाही. तरी म्हटलं, "अहो, येताय ना? चहा झालाय."

मागून आतोबा म्हणाले, "आलो, आलो."

सवय हो, दुसरं काय. तो गाल सुजलेला मनुष्य गाल धरून हसला. मला मात्र हसू येईना. मी खाली वाकले, गाल फरशीला लावला, आणि पुन्हा म्हटलं, तू लिहिलंस तसं, शेवट उतरवून. दादाचा तो आवाज मला माहीत आहे. लहानपणी रात्री वीज गेली की तो असाच विचारायचा, जागी आहेस ना. स्वतः घाबरलेला असायचा, पण विचारायचा असं, जशी काही मीच घाबरले आहे.

आत काहीतरी हललं. आधी नाक आलं, त्यावर काथ्याची धूळ. मग सगळी आली. धावत नाही, पळत नाही. चालत आली, माझ्यापुढं बसली, माझं तोंड नीट पाहून घेतलं, आणि डोकं माझ्या तळहातात टेकवलं. हाताला काही वजनच लागलं नाही, इतकी वाळली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते धुळीनं, असं मी आतोबांना सांगितलं.

घरी आल्यावर आतोबांनी दुसरं काम हातात घेतलं नाही. खुर्ची, खोकं, वर तुझी गादी. संध्याकाळी खुर्ची टेबलाशी लावली. ती चढली, गादी हुंगली, गोल फिरली, बसली. मी मासा वाढला. पाच ग्रॅम कमी आहे की जास्त, मला माहीत नाही. पण ताटली पुसून खाल्ली. पुढचे चार दिवसही. म्हणून आज लिहिते, आधी खात्री करून घेतली.

आता एक अडचण झाली आहे. अहो म्हटलं की दोघं येतात. आणि खरं सांगायचं तर ती आधी येते.

तू हेव्याचं लिहिलंस. त्यावर मला एवढंच कळतं की दादाला मोठ्या माणसांची भीती वाटायची. तू शिकलीस, नोकरीला लागलीस, तूही मोठ्या माणसांतच जमा झालीस. आपण काहीतरी चुकीचं बोलू म्हणून तो ठीक म्हणायचा. मांजर उलटतपासणी करत नाही. आणि तू रविवारी फोन ठेवलास की तो तिला सांगत नसेल कशावरून, ठकूचा फोन होता म्हणून?

तू ये. आणि ते आपली, नमस्कार, तुम्ही, लिहिलंत, पुरे झालं. या घरात दोन अहो झालेत, तिसरा नको. मला अगं म्हण.

आत्या


२१ जानेवारी

प्रिय आत्या,

परवा रात्री नीट पोचलो. धाकट्याला काही त्रास झाला नाही. तू त्याला बाहेर कारखान्याच्या पायरीवर बसवलंस आणि आतोबांनी त्याला फोम कापायला दिला, तेव्हापासून त्याला शाळा सोडून सोफेच करायचे आहेत. सांगताना हात असे पसरतो की घरात कुणाला जागा उरत नाही.

अगं, तुला 'तुम्ही' म्हणायची सवय मोडायला मला पहिला दिवस गेला. पत्रात सोपं आहे, समोर बसून अवघड. तू भाजी चिरत होतीस आणि मी म्हटलं, "आत्या, तू दे इकडं," तेव्हा तू मान वर केली नाहीस, पण सुरी थांबली. मी पाहिलं.

मांजर माझ्याकडं आली नाही. एकदा खुर्चीवरून पाहिलं, मग जांभई दिली. तुला वाटलं मी खट्टू झाले. नाही झाले. ती तुमची झाली आहे हे डोळ्यांनी बघायचं होतं. आतोबा ग्राहकाला "जरा थांबा, त्या उठल्या की मखमल देतो" असं दबक्या आवाजात सांगताना ऐकलं आणि माझं काम झालं.

एक गोष्ट मात्र तिथं बोलायची राहिली, म्हणून लिहिते. तुझ्याकडं यायच्या आदल्या दिवशी मी बाबांच्या घराची किल्ली मालकांना दिली. नर्सबाई खाली फाटकापर्यंत आल्या. तेव्हा त्यांनी सांगितलं, बहुतेक आधी सांगवलं नसेल. बाबा कधीही घरातून निघताना, अगदी कचरा टाकायला गेले तरी, दारातून आत वळून म्हणायचे, "अहो, येतो हं." त्या दिवशी त्यांना स्ट्रेचरवरून नेलं. तोंडावर मास्क होता. नर्सबाई बरोबर होत्या. दारातून बाहेर नेताना बाबांनी हात उचलला आणि स्वयंपाकघराकडं केला. पुन्हा पुन्हा. माणसांना वाटलं पाणी हवंय. कुणीतरी म्हणालं, काका, आत्ता पाणी नाही द्यायचं.

मग ती तुमच्याकडं येऊनही दिवसदिवस दाराकडं तोंड करून का बसायची, हे मला कळलं. किंवा कळल्यासारखं वाटलं. मांजराच्या मनातलं मला काय ठाऊक.

परवा निघताना तू डबा बांधत होतीस. मी आत गेले, ती गादीवर होती, आणि मी म्हटलं, "अहो, येते हं." आतोबा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. तिनं कान हलवला. बस, एवढंच.

वेडेपणा वाटला तर हसून सोड.

तुझी
ठकू


२७ जानेवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

हसले नाही. आतोबांना पत्र वाचून दाखवलं. ते उठून कारखान्यात गेले आणि उगाच हातोडा आपटत बसले.

तुम्ही गेल्यावरचं तुला कळवायला हवं. तुमची गाडी वळली आणि ही खुर्चीवरून उतरून बाहेरच्या दारात जाऊन बसली. आतोबा म्हणाले, झालं, पुन्हा सुरू. मी म्हटलं, बसू दे. ओढायचं नाही. मी माझं मशिन तिच्याजवळ नेलं आणि पडद्यांच्या दुमडी घालत बसले. रस्त्यावरून माणसं गेली, सायकली गेल्या. प्रत्येकाकडं पाहून घेत होती. पण या वेळी बसणं निराळं होतं. पूर्वी अंग आकसून बसायची, हात लावला तर दगड. त्या दिवशी पुढचे पाय पोटाखाली घेऊन, ऐसपैस. कुणाची तरी वाट बघत नुसतं दारात बसतो ना आपण, घाई नसते, तसं.

उजेड गेला तसा मी दिवा लावला. आत आतोबांनी ताटल्या मांडल्या. मी हाक मारणार तोवर ती आपणहून उठली, आळस दिला, आणि माझ्या पायांमधून आत गेली. पोटभर जेवली. रात्री आम्हा दोघांच्या मध्ये झोपली. आतोबा भिंतीला चिकटून झोपले, कारण मधली जागा बाईंना लागते.

धाकट्याला सांग, त्यानं कापलेला फोम मी एका उशीत भरला आहे. आला की दाखवीन. उन्हाळ्याच्या सुट्टीत घेऊन ये.

आणि निघताना या वेळसारखंच आत जाऊन सांगून निघ. तिला पटलेलं दिसतंय. मलाही बरं पडेल. डबा बांधण्याच्या नादात तू 'येते' म्हणालेलं मी ऐकलंच नव्हतं.

तुझी
आत्या